हनलेहून आई-बाबांना

प्रिय आई-बाबा,
शि. सा. नमस्कार.

मागच्या वेळी फोनवर बाबा विचारत होते की एवढं वर जाऊन तुम्ही लोक नक्की मोजता काय, आणि तेवढ्यात लाईन गेली. ते डोक्यातच राहिलंय. आज वारा इतका सुटलाय की दुपारनंतरचं काम बंद ठेवलं, सगळे तंबूत बसलेत, म्हणून फोनवरच लिहितेय, खाली गावात गेलो की नेटवर्क मिळेल तेव्हा पाठवेन.

बाबा, जनावरं मोजतोच, पण जास्त वेळ जातो गवतात. इथे लडाखमध्ये, हनलेला, ४,३०० मीटरवर पाऊस जवळजवळ पडतच नाही, वर्षातून जून ते सप्टेंबर एवढेच महिने काहीतरी उगवतं आणि तेवढ्यावर सगळ्यांनी हिवाळा काढायचा. म्हणून आम्ही नकाशावर आधीच ठरवलेल्या जागी जायचं, एक मीटर बाय एक मीटरची चौकट जमिनीवर ठेवायची, आत कुठली झाडं किती, उघडी माती किती, लेंड्या कोणाच्या, सगळं लिहायचं, मग गवत कापून कागदी पिशवीत भरायचं, वाळवायचं, वजन करायचं. जूनमध्ये एकदा केलं, आता सप्टेंबरमध्ये परत त्याच जागी, कारण हिवाळ्यासाठी शिल्लक काय राहिलं हे आत्ताच कळतं. आणि जनावरं मोजताना दोन जण एकाच वाटेने थोड्या अंतराने चालतात, एकमेकांशी काही बोलायचं नाही, आपापले कळप लिहायचे. नंतर दोन्ही वह्या लावून बघतो की दोघांना दिसलेले कळप कुठले आणि एकालाच दिसलेले कुठले, त्यावरून दोघांच्याही नजरेतून सुटलेले किती असतील ह्याचा हिशोब निघतो. मला ही पद्धत फार आवडते, कारण आपल्याला सगळं दिसलं असं त्यात कोणी धरूनच चालत नाही.

क्यांग, म्हणजे इथली रानगाढवं, रोज दिसतात, आपण कच्छच्या छोट्या रणात घुडखर बघितले होते ना, त्यांचेच नातेवाईक, पण अंगाने मोठे आणि रंगाने गडद. तिबेटी गझेल हरणं मात्र पूर्ण लडाखमध्ये शंभरसुद्धा नाहीत, आहेत ते ह्याच हनलेच्या बाजूला. दुर्बिणीत एक मादी आणि पिल्लू सापडलं त्या दिवशी टीममधली पोरं जेवायलाच उठेनात.

आता मुख्य सांगते, भोपाळच्या ऑफिसची नोकरी घे म्हणताय त्याचं. आई, तुला वाटतं मी ऐकतच नाही, पण नीट वाच. इथे चांगपा नावाचे भटके पशुपालक लोक याक, मेंढ्या आणि पश्मिन्याच्या बकऱ्या घेऊन जागा बदलत राहतात. त्यांचं म्हणणं क्यांग आमचं गवत खातात. बाहेरून येणारा पटकन म्हणतो की ह्यांच्याच बकऱ्या वाढल्या, ह्यांना हटवा. बकऱ्या वाढल्या हे खरं आहे, पश्मिन्याला भाव आहे तर वाढणारच, पण १९६२ नंतर ह्यांची काही जुनी कुरणं सीमेपलीकडे गेली आणि तिबेटमधून आलेली कुटुंबंही आपली जनावरं घेऊन इथेच राहिली, म्हणजे जागा कमी झाली आणि तोंडं वाढली. हे बाजूला ठेवून फक्त जनावरांचे आकडे वर पाठवणं मला चुकीचं वाटतं. एक मेमे आहेत, म्हणजे आजोबा, ते नुसतं चालता चालता सांगतात की ह्या ओलसर कुरणात पूर्वी घोट्यापर्यंत गवत असायचं, तिकडच्या झऱ्याचं पाणी कमी झालंय. आमच्या चौकटीतून एवढं मागचं कळूच शकत नाही. म्हणून त्यांच्या दोन नातवांना टीममध्ये घेतलंय, आणि शब्द दिलाय की आकडे निघाले की सगळ्यात आधी ह्या लोकांसमोर ठेवणार, कुठल्याही ऑफिसच्या आधी. तो शब्द पाळायचा तर पुढच्या जूनमध्येही मीच इथे असायला पाहिजे. एका वर्षाच्या गवतावरून जमिनीबद्दल बोलता येत नाही, बर्फ कमी-जास्त पडलं की सगळं बदलतं. म्हणून सध्या भोपाळ नाही.

बाबा, तुम्ही इंदूरच्या सिरपूर तळ्यावर फिरायला जाता, ते २०२२ मध्ये रामसरच्या, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, यादीत आलं तेव्हा तुम्ही पेपरचं कात्रण जपून ठेवलं होतं. इकडचं त्सो मोरीरी तळं त्याच यादीत २००२ पासून आहे, त्सो कार २०२० पासून. पण यादीत नाव आलं म्हणून पक्षी वाचतोच असं नाही हो. काळ्या मानेचे क्रौंच दलदलीत जमिनीवरच घरटं करतात, अंडी जेमतेम दोन, आणि वस्त्या, कॅम्प वाढले तसा उरलेल्या अन्नाचा कचरा वाढला, त्यावर भटकी कुत्री वाढली, ती अंडी नि पिल्लं खातात. लडाखचा राज्यपक्षी आहे तो! मला ह्याचं फार वाईट वाटतं, कारण कचरा आवरणं तरी माणसाच्या हातात आहे. तुमच्या सकाळच्या ग्रुपमधलं कोणी लडाखला फिरायला निघालं तर एवढं नक्की सांगा की तळ्याच्या काठापर्यंत गाडी नेऊ नका आणि कचरा परत लेहला आणा.

तब्येतीची काळजी करू नका. लेहला थांबून सवय करून मगच वर आलो, ऑक्सिजनचा सिलिंडर सोबत आहे, आणि टीमची जबाबदारी माझी असल्यामुळे नियम एकदम पक्का ठेवलाय, डोकं दुखून उलटी झाली की माणूस खाली जाणार, कितीही मोठा साहेब असो. आई, इथे पाणी ८५-८६ डिग्रीलाच उकळतं, कुकरशिवाय डाळ शिजतच नाही, त्यामुळे तुझी थालीपिठाची भाजणी सगळ्यात कामाला आली, मेमेंनी दोन खाल्ली, वर याकचं लोणी लावून. सेव पहिल्याच आठवड्यात संपली.

आता माझं एक ऐका. बाबांच्या मोतीबिंदूचं "मुक्ता आल्यावर बघू" असं चाललंय हे दादाने सांगितलं, तुम्ही दोघांनी नाही. असं माझ्यापासून लपवू नका, मी लांब आहे म्हणून मला कमी सांगायचं हे मला नको आहे. मी ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात इंदूरला येतेय आणि दिवाळी होईपर्यंत हलणार नाही, डोळ्यात थेंब घालायचं काम माझं. तेव्हा त्याच आठवड्यातली ऑपरेशनची तारीख घेऊन टाका, त्याआधी शुगर तपासून घ्या, आणि तारीख नि रिपोर्ट दोन्ही मला मेसेज करा, नेटवर्कमध्ये आले की लगेच बघते.

तुमची,
मुक्ता