चिलटे आणि यीस्टचा वास

संपादक महोदय,

आंब्याचा हंगाम सरत आला की नवी मुंबईतल्या मंडयांमागे नासक्या फळांचे ढीग साचतात आणि चिलटे घराघरांत शिरतात. त्यावर धूरफवारणी होते, पण ढीग तिथेच राहतो, म्हणून हा पत्रप्रपंच.

ही चिलटे, म्हणजे फळांवर घोंघावणाऱ्या बारीक माशा, फळाच्या वासापेक्षा फळावर वाढणाऱ्या यीस्टच्या (आंबवणाऱ्या सूक्ष्म बुरशीच्या) वासाने अधिक ओढली जातात. साल फुटलेल्या आंब्यावर बारीक फेस दिसू लागतो, तेव्हा यीस्ट साखरेचे अल्कोहोल करत असते आणि सोबत पिकल्या केळ्याच्या वासाची एस्टर नावाची संयुगे हवेत सोडत असते. चिलटाच्या डोक्यावरील शृंगिकांवरच्या (मिशांसारख्या अवयवांवरच्या) सूक्ष्म केसांना छिद्रे असतात. त्यांतून आत गेलेले रेणू चेतापेशींवरील ग्राहींना, म्हणजे वास ओळखणाऱ्या प्रथिनांना, जाऊन मिळतात आणि माशी वाऱ्याच्या उलट दिशेने उडत उगमापर्यंत पोहोचते. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात यीस्टमधील एटीएफ१ हे एस्टर बनवणारे जनुक काढून टाकल्यावर माशा त्या यीस्टकडे बऱ्याच कमी आकर्षित झाल्या. यात यीस्टचाही लाभ आहे, हे मला विलक्षण वाटते: स्वतः हलू न शकणारे यीस्ट माशीच्या अंगावर बसून नव्या फळापर्यंत जाते आणि तिच्या अळ्या त्यावर पोसल्या जातात.

फवारणीने उडती माशी मरते, वास मात्र कायम राहतो आणि नव्या माशा येतात. तेव्हा संबंधित यंत्रणेने नासकी फळे रोजच्या रोज झाकणबंद डब्यांतून उचलावीत आणि गाळ्यांजवळ व्हिनेगर किंवा यीस्टचे सापळे लावावेत, अशी आग्रहाची विनंती आहे.

— एक वाचक, कोपरखैरणे