सूचना: रविवारी पणजीत इमारतींची तपासणी, मोजपट्टी घेऊन या

सदस्य मित्रमैत्रिणींनो,

येत्या रविवारी सकाळी १० वाजता पणजीच्या कदंब बसस्थानकावर जमायचं आहे. तिथून गट करून आपण जवळच्या सार्वजनिक इमारतींत आपल्यासारख्या दिव्यांगांना सहज जाता-वावरता येतं का, ते तपासू. आईबाबा, भावंडं सोबत आली तर आनंदच, पण मोजणार आणि बोलणार आपण.

दिव्यांगजन हक्क कायदा २०१६ चा, नियम २०१७ चे. जुन्या सार्वजनिक इमारती सुगम करण्याची पाच वर्षांची मुदत २०२२ मध्येच संपली. त्यामुळे आपण विनंती करत नाही, हक्काचं मागतो, हे बोलताना लक्षात असू द्या.

रॅम्प नुसता आहे की नाही एवढंच लिहू नका. उतार १:१२ हवा, म्हणजे एक फूट चढायला किमान बारा फूट लांबी. परवा एका कार्यालयात रॅम्प दिसला, पण पायथ्याशी स्कूटर लावलेल्या आणि वरच्या दाराला कुलूप. आमच्या व्हीलचेअरवरच्या मैत्रिणीला शेवटी चौघांनी उचलून नेलं. तिला ते अजिबात नको होतं. अशा गोष्टी फोटोसकट नोंदवा. दृष्टिहीन सदस्यांनी पायाला वाट दाखवणाऱ्या उंचवट्याच्या पिवळ्या फरशा कुठे तुटतात ते सांगावं, जोडीदार लिहून घेईल. स्वच्छतागृहाचं दार आतून लावता येतं का, तेही बघा.

सांकेतिक भाषेचे दुभाषी सोबत असतील. अहवाल राज्याच्या दिव्यांगजन आयुक्तांकडे आपणच नेऊन देऊ. येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत ग्रुपवर नाव आणि लागणारी मदत कळवावी. पाऊस असला तरी कार्यक्रम होईल, रेनकोट आणा.