काका, त्या मंगळवारी पण तुम्ही साडेसहाला आलात

काका, तुम्ही माझ्या पोराचे कोच, क्लबमध्ये सगळी पोरं तुम्हाला नावानेच हाक मारतात, माझ्या तोंडात ते बसतच नाही, म्हणून इथे काकाच म्हणते. मराठीत लिहितेय कारण मनातलं मला मराठीतच नीट सांगता येतं आणि डब्लिनमधली आपली मंडळी पण वाचतील, तुम्हाला पोरगा गाडीत इंग्लिशमध्ये सांगेल.

आम्ही आयर्लंडला आलो तेव्हा गेलिक फुटबॉल हे नाव पण ऐकलं नव्हतं. फुटबॉल समजून पोराला घातलं आणि बघते तर बॉल हातात घेऊन पळतायत! चार पावलं झाली की बॉल आपटायचा नाहीतर पायावर टाकून परत हातात घ्यायचा, त्याला सोलो म्हणतात, आणि लागोपाठ दोनदा आपटला तर फाऊल. गोलच्या आडव्या बारवरून गेला की साधारणपणे 1 पॉईंट, जाळ्यात गेला की गोल म्हणजे 3. मी साईडलाईनवर बोटांवर बेरीज करत उभी असायचे.

छोट्यांच्या गो गेम्समध्ये हारजीत कोणी मनावर घेत नाही, पण यंदा अंडर-14 ची चॅम्पियनशिप, म्हणजे खरंच बाहेर जायची भीती. माझी हॉस्पिटलची शिफ्ट, नवरा उशिरा येणार, गाडी एकच. तुम्ही एकदा विचारलंत ट्रेनिंगला कसा येतो, आणि पुढच्या मंगळवारपासून साडेसहाला दारात हजर. पाऊस असो, अंधार असो. बाकी मॅचेसचं काय लिहू, काही जिंकलो काही हरलो, पण क्वार्टर फायनल मात्र विसरणार नाही.

शेवटचं मिनिट, दोन्हीकडे 14, म्हणजे आपले 2-8 (2 गोल, 8 पॉईंट) आणि त्यांचे 3-5. बॉल आमच्या पोरासमोर पडला आणि त्याने सरळ वाकून हातानेच उचलला. मुलांच्या खेळात तसं चालत नाही, आधी पायाचं बोट खाली सरकवून वर घ्यावा लागतो. मुलींना चालतं, आणि घरी तो रोज बहिणीबरोबरच खेळतो ना, तीच सवय. त्यांना गोलसमोरच फ्री किक मिळाली, बॉल बारवरून गेला, अंपायरने पांढरा झेंडा वर केला, संपलं. एका पॉईंटने.

घरी येऊन तो जेवला नाही. आता क्लबला जाणार नाही म्हणाला, माझ्यामुळे हरलो म्हणाला. मला तर वाटलं तुम्ही पण चिडला असाल, सीझन संपला म्हणजे आता येणार पण नाही. आणि मंगळवारी साडेसहाला बेल वाजली. तुम्ही मॅचबद्दल एक शब्द काढला नाहीत, बूट घाल म्हणालात एवढंच. त्या दिवशी ट्रेनिंग नव्हतंच हे मला नंतर कळलं. रिकाम्या ग्राऊंडवर तुम्ही दोघं तासभर तो एकच पिक-अप करत होतात, आला तेव्हा गुडघ्यापर्यंत चिखल आणि दोन वाट्या वरणभात खाल्ला.

या कामाचा तुम्हाला एक युरो मिळत नाही, सगळे व्हॉलंटियर, वर कोचिंगचे कोर्स स्वतःच्या सुट्टीत करायचे. मला हे इतकी वर्षं इथे राहून आत्ता कळतंय, त्याचं वाईट वाटतं.

खूप खूप आभार काका. मी गार्डा व्हेटिंगचा, म्हणजे इथल्या पोलीस तपासणीचा फॉर्म भरलाय, सेफगार्डिंगचा, म्हणजे मुलांच्या सुरक्षिततेचा कोर्स पण करतेय, शिफ्ट बदलून घेतली आहे. पुढच्या सीझनला मंगळवारचं पोरांना न्यायचं आणायचं माझ्याकडे.