गाडी धावते हो साहेब, उभी कुठे करायची ते सांगा

प्रति,
मा. उद्योग मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : सोलापूरला मालवाहतूक केंद्र देण्याबाबत, आणि ते होईपर्यंत गाड्या कुठे उभ्या करायच्या याबाबत

महोदय,

सविनय नमस्कार. ऑगस्ट २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने लॉजिस्टिक धोरण मंजूर केलं, त्याचं आम्ही सोलापूरच्या वाहतूकदारांनी मनापासून स्वागत केलं होतं. १०,००० एकरांवर केंद्रं उभारायची ही कल्पना चांगलीच आहे. मग यादी वाचली. पनवेलला २,००० एकर, नागपूर-वर्ध्याला १,५००. पुढे राज्यस्तरीय पाच केंद्रं. त्यानंतर प्रादेशिक पाच : नांदेड-देगलूर, अमरावती-बडनेरा, कोल्हापूर-इचलकरंजी, नाशिक-सिन्नर, धुळे-शिरपूर. यादी दोनदा वाचली, सोलापूर कुठेच नाही. उरली ती १०० एकरांची २५ जिल्हा केंद्रं, म्हणजे 'इतर' या सदरातली. केंद्र सरकारच्या ३५ मल्टिमोडल पार्कांतही (रस्ता-रेल्वे एकत्र जोडणारी मालवाहतूक केंद्रं) आमचं नाव नाही. त्याची आता सवय झाली आहे.

ही तक्रार कदाचित मनातच राहिली असती. पण गेल्या आठवड्यात हैदराबाद रोडच्या कडेला रांगेत थांबलेल्या गाड्यांना ई-चलान लागली. गुन्हा काय, तर नो पार्किंग. पहिल्या वेळी ५००, पुन्हा सापडलात तर १,५००. पार्किंग कुठे आहे हे मात्र चलानवर छापलेलं नव्हतं.

आपल्या नियोजनकर्त्यांना सोलापूर दिसत नाही, याचं कारण आमच्या मते एवढंच की ते नकाशावर रस्ते मोजतात. रस्ते आमच्याकडे भरपूर आहेत. पुणे-हैदराबाद ६५ क्रमांकाचा, धुळे-विजयपूर ५२ क्रमांकाचा, रत्नागिरी-कोल्हापूरकडून येणारा १६६ आणि अक्कलकोटहून कलबुर्गीला जाणारा १५०ई, असे चार राष्ट्रीय महामार्ग इथे मिळतात. मुंबई-चेन्नई रेल्वे गावातून जाते, होटगीला गदगची लाइन फुटते. केगाव-हत्तूर बायपासही झाला. मग सोलापूरला आणखी काय हवं, असं मंत्रालयात कुणीतरी म्हणालं असणार.

साहेब, ट्रकला तोटा धावण्याने येत नाही, उभं राहण्याने येतो. हिशेबच मांडतो. दहा टायरी गाडी, एकूण वजन २८ टन. सोलापूर ते हैदराबाद सुमारे ३१० किलोमीटर. भरलेली गाडी लिटरला ४ किलोमीटर देते, म्हणजे ७७-७८ लिटर डिझेल, रुपयांत ७,००० च्या आसपास. धावायला आठ-नऊ तास. जाऊन-येऊन फेरी दोन दिवसांत व्हायला हवी, महिन्याला आरामात बारा. प्रत्यक्षात होतात सात, कारण भराईला थांबा, वजनकाट्याला थांबा, शहरात शिरायची वेळ होईपर्यंत थांबा, तिकडे गोडाऊन उघडेपर्यंत थांबा, मग परतीच्या भाड्यासाठी थांबा. गाडी उभी असली तरी कर्जाचा हप्ता ७०,००० च्या घरात सुरूच असतो. २०२२ च्या दरपत्रकाने या गाडीचा नुसता थर्ड पार्टी विमा वर्षाला ४३,९५० रुपये, वर जीएसटी. टॅक्स, परमिट, फिटनेस, ड्रायव्हर-क्लीनरचा पगार धरून महिन्याचा बांधील खर्च लाखभर. बारा फेऱ्यांवर वाटला तर फेरीला ८,३०० पडतात, सातवर वाटला तर १४,३००. मधला ६,००० चा फरक म्हणजे जवळजवळ एका बाजूचं डिझेल, जे गाडी जागची न हलता जळालं.

ही भरपाई कुठून काढायची? वजनातून. ओव्हरलोडचं मूळ इथे आहे, पण आरटीओपासून मंत्र्यांपर्यंत सगळ्यांना ते मालकाच्या हावरटपणात दिसतं. हावरट मालक आहेतच, नाही म्हणत नाही. पण फेऱ्या निम्म्यावर आल्या की पाच टन जादा टाकल्याशिवाय हप्ता निघत नाही, हेही खरं. मग दंड २०,००० आणि वर जादा टनामागे २,०००. रस्त्याचं नुकसान वेगळंच. एक्सलवरचं वजन वाढतं त्याच्या चौथ्या घाताने डांबराची झीज वाढते, असा रस्ते बांधणाऱ्यांचा ठोकताळा आहे. २०१८ मध्ये सरकारनेच चार टायरी एक्सलची मर्यादा १०.२ वरून ११.५ टन केली. वजन वाढलं १३ टक्के, झीज वाढली ६० टक्क्यांच्या पुढे. कायद्यात राहूनच एवढी. वर चोरटे पाच टन आले की ट्रकच्या लेनमध्ये चाकोऱ्या का पडतात, हे विचारायला समिती नेमायची गरज नाही.

कांद्याच्या हंगामात या, म्हणजे थांबणं काय असतं ते जवळून दिसेल. शहरात दिवसा जडवाहनांना बंदी असते. ती हवीच, शाळेची पोरं रस्त्यावर असतात. म्हणून गाड्या रात्री आत बाजार समितीत येतात, पहाटेपर्यंत उतराई, सकाळी लिलाव, मग तोलाई, निवड, गोणी भरणं, आणि बाहेरगावच्या गाडीची भराई संध्याकाळी. पन्नास किलोच्या ३८० गोण्या म्हणजे १९ टन. सहा-आठ हमालांच्या टोळीला पाठीवरून अडीच-तीन तास. भरून झालं की रस्सी-ताडपत्री. आणि नेमकी तेव्हा आवक जास्त, रस्ता तुंबलेला, गाडी निघत नाही. चालत्या गाडीत फळीच्या फटींतून वारा खेळतो. उभ्या गाडीत ताडपत्रीखाली कांदा उबतो, घाम धरतो, मधल्या थरातल्या गोण्या ओलसर होतात आणि हैदराबादला उतरवताना व्यापारी त्याच गोण्यांवर बोट ठेवून भाडं कापतो. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेची सुट्टी संपली की दोन-तीन दिवसांचा माल एकदम येतो आणि ही रांग आणखी लांबते. वाराई, म्हणजे हमाली, कुणी द्यायची यावर भांडण वेगळं. 'ज्याचा माल त्याचा हमाल' हे सगळ्यांना पाठ आहे, पैसे मात्र गाडीवाल्याच्या खिशातून जातात.

चादर-टॉवेलच्या मालाला वेगळंच दुखणं. ई-वे बिल, म्हणजे मालासोबतचं जीएसटीचं ऑनलाइन बिल, २०० किलोमीटरला एक दिवस चालतं, म्हणजे हैदराबादला दोन. शनिवारी रात्री गाडी पोचली, रविवारी गोडाऊन बंद, बिल उभ्या-उभ्या संपलं. मुदत वाढवायची तर संपण्याआधीचे किंवा नंतरचे आठ तास हातात. तेवढ्यात जमलं नाही आणि कुणी तपासायला आलं, तर कराच्या दुप्पट दंड. चोरी कुणाची, कर कुणी बुडवला? कुणीच नाही. गाडी थांबली होती, बस.

रेल्वेने का पाठवत नाही, असं विचाराल. ४२ डब्यांचा रेक, म्हणजे अख्खी मालगाडी, सुमारे २,६०० टनांची, आमच्या १३५-१४० गाड्यांएवढी. साखर भरते, सिमेंट भरतं, एनटीपीसीचा कोळसा उतरतो. पण दहा टन टॉवेलवाल्याने ४२ डबे आणायचे कुठून? सुटा माल गोळा करून रेक भरणारी जागा लागते, आणि सायडिंग, म्हणजे माल भरायचा बाजूचा रूळ, सलग सातशे मीटर लागतं. त्याहून आखूड असलं की रेक तोडून दोनदा शंटिंग करावं लागतं, त्यात तास जातात आणि डेमरेज, म्हणजे डबे अडकवल्याचा आकार, चढतं. शेतमालाच्या किसान रेलने हे जमवून दाखवलं होतं : किमान वजनाची अट नाही, पाच क्रेट डाळिंबही चालत होतं, भाड्यात ५० टक्के सूट. शंभरावी किसान रेल २८ डिसेंबर २०२० ला सांगोल्याहूनच सुटली, खुद्द पंतप्रधानांनी हिरवा झेंडा दाखवला. पुढे अनुदान आटलं आणि गाडीही गेली. झेंड्याचे फोटो तेवढे शिल्लक आहेत.

केळीचं तर विचारूच नका. करमाळा-कंदर पट्ट्यातून निर्यातीचे कंटेनर जातात. केळीला १३-१४ अंश लागतं, द्राक्षाला शून्य ते एक, डाळिंबाला पाच ते सात, म्हणून एका रीफरमध्ये, म्हणजे थंड कंटेनरमध्ये, दोन फळं घालता येत नाहीत. वाटेत थांबावं लागलं तर जेनसेटवर डिझेल जळत राहतं, कारण तीन-फेजचा ३२ अँपियरचा प्लग देणारा तळ वाटेवर नाही. बंदराचा गेट कट-ऑफ, म्हणजे माल आत घ्यायची शेवटची वेळ, चुकला की माल पुढच्या जहाजाला.

आता सरकारी आकड्यांचं. देशाचा लॉजिस्टिक खर्च जीडीपीच्या १३-१४ टक्के आहे, असं वर्षानुवर्षं प्रत्येक भाषणात ऐकलं. २०२२ च्या राष्ट्रीय धोरणाचा मुहूर्तही त्याच आकड्यावर झाला. पुढे नव्या पद्धतीने मोजलं तर तो ७.९७ टक्के निघाला. वा! एक किलोमीटर रस्ता न बांधता खर्च जवळजवळ निम्मा. आमच्या गाडीचाही हिशेब त्याच अधिकाऱ्यांकडून करून घ्यावा म्हणतो, बँकेला दाखवायला होईल.

पुण्याकडे जाताना टोलचे पैसे सावळेश्वर, वरवडे, सरडेवाडी, पाटस असे एकेक करून गाडी पुढे सरकायच्या आत फास्टॅगमधून जातात. भाडं साठ-नव्वद दिवसांनी येतं. लहान उद्योगाचं देणं ४५ दिवसांत द्यायचा कायदा २००६ पासून आहे. हॉल्टिंग, म्हणजे गाडी थांबवून ठेवल्याचे पैसे, तर तोंडी बोलीवर, मिळालं तर मिळालं. कायद्याप्रमाणे ड्रायव्हरचे तास दिवसाला आठ. रांगेत स्टिअरिंगवर डोकं टेकून काढलेली रात्र यात काम धरायची की विश्रांती, हे कुणी विचारत नाही. त्याच डोळ्यांनी तो पहाटे हायवेला लागतो आणि दुसऱ्या दिवशी पेपरात 'चालकाला डुलकी लागल्याने'.

आणि दाद मागायची कुणाकडे? धोरण तुमचं, पण चलान गृहखात्याचं. गाडी परिवहनची, बाजार पणनचा, हमाल माथाडी मंडळाचा म्हणजे कामगार खात्याचा, शहरातला रस्ता महापालिकेचा, महामार्ग दिल्लीचा, रेकही दिल्लीचा. प्रत्येक खात्याला दंड घ्यायचा अधिकार आहे. थांबायला जागा द्यायची जबाबदारी एकाचीही नाही. सुरत-चेन्नई महामार्ग बार्शी-अक्कलकोटकडून न्यायचा म्हणून मोजण्या झाल्या, मोबदल्यावरून शेतकरी भांडतोय. तो झाला तरी ट्रक तिथे उतरून उभा कुठे राहणार, हे कुठल्या नकाशात आहे?

मागणं फार नाही. जिल्हा केंद्राच्या शंभर एकरांतले पहिले वीस एकर आधी करा, बाकीचं सावकाश. ट्रेलरला वळायला-लावायला फिरती जागा धरून दीडशे चौरस मीटर लागतात, म्हणजे एकरात २५ गाड्या, वीस एकरांत ५००. जमीन काँक्रीटची हवी. डांबर नको, उभ्या गाडीखाली डिझेल-ऑइल गळून ते मऊ पडतं आणि टायर रुततो. आत-बाहेर वेगळे दरवाजे. १८ मीटरचा काटा, वैधमापनचा शिक्का दरवर्षी वेळेवर मारलेला. रीफरसाठी वीस-तीस प्लग. संडास, आंघोळीला पाणी, आणि ते पाणी मेमध्येही. बाजारात जायचा नंबर तिथेच टोकनवर मिळाला पाहिजे, म्हणजे गाडी नंबर आल्यावरच शहरात शिरेल. जागा रेल्वेलगत निवडा, नाहीतर सायडिंगसाठी पुन्हा दुसरं भूसंपादन आणि पुन्हा दहा वर्षं. यातल्या कशालाही नवं धोरण लागत नाही.

भूमिपूजनाची घाई नाही. जागा कुठली, ताबा कुणाकडे आणि कुठल्या खात्याचा कुठला अधिकारी जबाबदार, एवढं लेखी कळवा. आणि तो तळ तयार होईपर्यंत रांगेतल्या गाड्यांवर नो पार्किंगची चलानं लावू नयेत, असं गृहखात्याला आपल्या सहीने लिहा. तेवढ्याला मंत्रिमंडळाची बैठक लागत नसावी.

आपला,
सोलापूरचा एक वाहतूकदार