हायगेटची चढण बाबांच्या पावलांनी चढलेल्या काकांना

प्रिय काका,

बाबांनी नाव विचारलं तेव्हा तुम्ही "नुसतं काका म्हणा" एवढंच म्हणालात. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय. लंडनमधलं तुमच्या ओळखीचं कुणीतरी ते तुमच्यापर्यंत पोचवेल अशी आशा आहे.

आदल्या दिवशी आमच्या सहलीच्या बसने बाबासाहेबांचं घर 'वेळ नाही' म्हणून गाळलं होतं. छापील कार्यक्रमात बाबांनी तेवढ्या एकाच ओळीखाली पेनाने रेघ मारली होती. रात्री ते काहीच बोलले नाहीत. सकाळी बसथांब्यावर आम्ही नकाशा उलटासुलटा करत होतो, तेवढ्यात मागून मराठीत आलं, "कुठं जायचंय?"

तुम्ही आधी बाबांचे गुडघे पाहिलेत, मग नकाशा. "ट्यूबला, म्हणजे भुयारी रेल्वेला, जिने फार. बसने जाऊ, लागला वेळ तर लागू दे." आणि खरोखरच अख्खा दिवस तुम्ही आम्हाला दिलात.

१०, किंग हेन्रीज रोड. १९२१-२२ मध्ये बाबासाहेब इथं राहिले, २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने हे घर घेतलं, एवढं मी वाचून आले होते. दारात उभं राहून तुम्ही सांगितलंत ते वेगळंच होतं. १९१६ मध्ये ते लंडनला शिकायला आले, पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये अभ्यास अर्धा टाकून परतावं लागलं. मग मुंबईत सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले, शाहू महाराजांनी मदत केली, आणि १९२० मध्ये ते पुन्हा इथं आले. रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध पुरा करून १९२३ मध्ये डी.एस्सी. मिळवली. बाबांचं एम.ए. घरच्या अडचणींमुळे अर्धवट राहिलंय, हे तुम्हाला ठाऊक असायचं कारण नव्हतं. पण ते एकदम गप्प झाले, तेव्हा तुम्हीही पुढचं वाक्य अर्ध्यावर सोडलंत आणि नुसते शेजारी उभे राहिलात. काका, ते मी विसरणार नाही.

हाउली प्लेसला, टिळकांच्या लंडनमधल्या घरासमोर, आपण थोडाच वेळ होतो. ब्रिटिश पत्रकार चिरोलवरच्या बदनामीच्या खटल्यासाठी टिळक १९१८ मध्ये लंडनला आले आणि खटला हरले, हे बाबांना शाळेपासून पाठ. पण बासष्टीतला मधुमेही माणूस या थंडीत वर्षभर राहिला, खटला हरल्यावरही स्वराज्यासाठी सभा घेत राहिला, हे त्या दारासमोर जास्त जाणवलं.

मग उत्तर लंडनमधलं हायगेट. बाबा दर वीस पावलांवर थांबत होते आणि तुम्ही प्रत्येक वेळी स्वतःच्याच बुटाची लेस बघायला वाकत होतात. मला कळत होतं. ६५, क्रॉमवेल ॲव्हेन्यू म्हणजे श्यामजी कृष्णवर्मांनी १९०५ मध्ये भारतीय विद्यार्थ्यांसाठी उघडलेलं इंडिया हाउस. सावरकर १९०६ मध्ये लंडनला आले ते इथंच राहायला. आज ते कुणाचं तरी राहतं घर आहे. मी फोटोसाठी पुढे सरसावले, तर तुम्ही हलकेच दंड धरून पलीकडच्या फुटपाथवर नेलंत. "आत माणसं राहतात, बाळा. इथून दिसते की पाटी."

दिसली. निळी गोल पाटी, पांढरी अक्षरं. बाबांनी ती मोठ्याने वाचली आणि थबकले. सावरकरांच्या नावाखाली 'भारतीय देशभक्त आणि तत्त्वज्ञ' या अर्थाचे जे शब्द आहेत, तेच हाउली प्लेसला टिळकांच्या नावाखाली होते. ज्या सरकारने एकाला मंडालेला आणि दुसऱ्याला अंदमानला पाठवलं, त्याच्याच राजधानीत! बाबांनी दोन्ही पाट्यांवरचा मजकूर वहीत एकाखाली एक उतरवून घेतला. तोवर तुम्ही त्यांची छत्री धरून उभे होतात.

काका, तुम्ही भेटला नसतात तर बाबा ती रेघ मारलेली ओळ तशीच घेऊन घरी आले असते. मनापासून आभार.

दादाभाई नौरोजी १८९२ मध्ये फिन्सबरीतून पार्लमेंटवर निवडून गेले, त्या भागात त्यांच्या नावाचा रस्ता आहे आणि तो बघायचा राहिला, असं निरोप घेताना तुम्ही म्हणाला होतात. बाबांच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे. डॉक्टरांना त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "किती महिन्यांनी चढण चढता येईल?"

तुमची,
त्या दिवशीची बाळा