समुद्राचा अभ्यास म्हणजे फक्त मासे नव्हेत

संपादक महोदय, सा. न. वि. वि.

मागच्या आठवड्यात तुमच्या करिअर पुरवणीत समुद्रावर अख्खं पान होतं, बघून बरं वाटलं, पण त्यात मर्चंट नेव्ही, मरीन बायोलॉजी आणि स्कूबा एवढंच. फिजिकल ओशनोग्राफीचं नावसुद्धा नाही! माझी भाची गोव्यात त्यातच पीएचडी करतेय आणि गावात अजून सगळे तिला विचारतात, कुठल्या माशावर करतेस गं? अहो, तिचं काम पाण्यावर आहे. पाणी किती गार, किती खारट, कुठल्या खोलीवर कुठे आणि किती वेगाने चाललंय, हे मोजायचं.

यात काय एवढं, असं म्हणाल तर ऐका. पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यालगतचा प्रवाह दक्षिणेकडे जातो आणि हिवाळ्यात उलट उत्तरेकडे, आणि हे सगळं फक्त इथल्या वाऱ्याने होत नाही, पार बंगालच्या उपसागरातल्या वाऱ्याचा परिणाम श्रीलंकेला वळसा घालून इकडे पोचतो. मला तर हे भारीच वाटतं.

पावसाळ्यातच खालचं गार, ऑक्सिजन कमी असलेलं पाणी किनाऱ्याकडे वर सरकतं, त्यावर पावसाच्या गोड्या पाण्याचा थर बसतो, मग वरखाली मिसळणंच बंद आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात तळाशी ऑक्सिजन जवळपास शून्य. भाची बोटीवरून सीटीडी, म्हणजे पाण्याचा खारटपणा, तापमान आणि खोली मोजणारं यंत्र, खाली सोडते, वेगवेगळ्या खोलीवरचं पाणी बाटल्यांत भरून वर घेते. त्या दिवसांत कधीकधी तळाची बाटली उघडली की सडक्या अंड्यांचा वास सुटतो, बोटीचा तांडेल (नाखवा) नाक दाबून म्हणतो, मॅडम, ओता ते परत खाली. अशा पाण्यात मासळी कशी थांबेल? तुमच्याकडे 'मासळी गायब' अशी बातमी आली की सगळा दोष पर्ससीनवाल्यांचा (मोठ्या घेर-जाळ्यांनी मासे पकडणारे) आणि एलईडीवाल्यांचा (दिव्यांच्या उजेडाने मासे गोळा करणारे) असतो, तो आहेच म्हणा, पण तळाच्या पाण्याबद्दलही कुणाला तरी विचारा की.

पालक पैशांचं विचारणारच, तर तेही छापा. नेट-जेआरएफवाल्यांना, म्हणजे नेट परीक्षेतून संशोधनासाठी फेलोशिप मिळालेल्यांना, 2023 पासून महिना 37,000 आणि वर घरभाडं, पण भाचीची फेलोशिप कधी कधी चार-चार महिने येत नाही आणि तेवढ्यात घरून पैसे मागवायला लागतात. आणि बायोलॉजी सोडलेल्या पोरांना हे नक्की सांगा की फिजिक्स किंवा मॅथ्स घेऊन एमएस्सी केलं तरी इकडे येता येतं, भाची स्वतः फिजिक्सवाली आहे.

आपला,
एक वाचक, मालवण