सिंहस्थाच्या सुशोभीकरणात एक तरी हलणारं शिल्प हवं

संपादक साहेब,
स.न.वि.वि.

२०२७ चा सिंहस्थ म्हटल्यावर शहराचं सुशोभीकरण आलंच, आणि आपल्याकडे सुशोभीकरण म्हणजे फायबरचे पुतळे नाहीतर कारंजं, कारंज्याची मोटर जळाली की मग वर्षभर तिथं नुसतं डबकं. माझी मनापासून विनंती आहे की यावेळी एक तरी वाऱ्यावर हलणारं शिल्प नाशिकमध्ये बसवा. कायनेटिक स्कल्प्चर म्हणतात त्याला. वीज लागत नाही, पंप लागत नाही.

आपल्या देशात हे अगदीच नवीन आहे असंही नाही. तारेला पत्र्याचे रंगीत तुकडे टांगून 'मोबाइल' शिल्पं करणारा अलेक्झांडर काल्डर १९५५ साली साराभाई कुटुंबाच्या बोलावण्यावरून अहमदाबादला आला होता, शिल्पं तिथंच बनवली त्याने. आणि वाऱ्यावरचा नसला तरी, २०१४ च्या कोची बिएनालेत, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणाऱ्या कला प्रदर्शनात, आपल्या मुंबईत जन्मलेल्या अनिश कपूरने जमिनीतच पाण्याचा गरगर फिरणारा भोवरा केला होता.

मी अंबडला फॅब्रिकेशनमध्ये आहे त्यामुळे मला सगळ्यात जास्त आवडतो तो अमेरिकेचा जॉर्ज रिकी. त्याची ती स्टीलची लांब निमुळती पाती बघा, बेअरिंगवर बसवलेली, वरचा भाग लांब आणि खालच्या आखूड टोकात शिसं भरलेलं. तोल खालच्या बाजूला अगदी जरासाच झुकता ठेवायचा, मग साधी झुळूक आली तरी पातं हळूच कलतं आणि तेवढंच सावकाश परत उभं राहतं. शिसं थोडं जास्त झालं तर ते झटक्यात परत येतं, सगळी मजाच जाते. म्हणजे खरी करामत बॅलन्सिंगची आहे हो, आणि बॅलन्सिंग करणारे हात अंबड-सातपूरला गल्लोगल्ली आहेत, बाहेरून कुणाला आणायची गरजच नाही.

आता मेंटेनन्स कोण बघणार असं कुणी म्हणेल, आणि ती शंका बरोबरच आहे. त्यावरही उपाय आहे, शिल्प जागचं हलत नाही, बघणारा हलतो! ज्युलियन फॉस-आंद्रेए या शिल्पकाराचा २००६ चा 'क्वांटम मॅन' असाच आहे, पोलादी पत्रे थोडं थोडं अंतर ठेवून उभे केलेत, समोरून बघितलं तर धडधाकट माणूस आणि चालत बाजूला गेलं की फटींमधून पलीकडचं दिसायला लागतं, माणूस जवळजवळ गायब. लेझर कटिंगचं काम आहे, एकदा नीट वेल्डिंग केलं की बेअरिंग नाही, ग्रीस नाही, काही नाही.

फक्त हे द्वारका चौकात किंवा मुंबई नाक्यावर नको, तिथं गाडीवाल्याने वर बघितलं तर अपघातच. गोदापार्कसारख्या ठिकाणी, जिथं माणसं पायी चालतात तिथं, पण पूररेषेच्या वर. पाती वादळात लॉक करायची सोय हवी आणि लहान मुलांचे हात पोचणार नाहीत एवढ्या उंचीवर हवीत. आणि टेंडर काढताना शिल्पासोबत निदान पाच वर्षांचं ग्रीसिंग आणि बेअरिंग बदलायचा खर्च त्यातच धरा, आधी आर्ट आणि इंजिनिअरिंग कॉलेजच्या मुलांकडून, आमच्यासारख्या छोट्या वर्कशॉपवाल्यांकडून चालती मॉडेल मागवा, ती लोकांना बघायला ठेवा आणि मगच ऑर्डर द्या. मॉडेल मागवलीत तर आम्ही आमच्या खर्चाने करून आणू.

आपला,
एक वाचक, सिडको, नाशिक